आधी हाड मोडा, मग बिल जोडा

सोलापुरातल्या समस्त आयांनो, आत्यांनो, अक्कांनो, डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन लिहून दिला म्हणून लगेच पाकिटाला हात घालू नका. ना सुई, ना भूल. दहा-पंधरा मिनिटं टेबलावर पडून राहायचं, कंबरेचे मणके आणि खुबा मशीनला दाखवायचा आणि वर पैसेही आपणच द्यायचे?

आधी मेडिक्लेमवाल्यांना विचारून बघा. "काकू, ॲडमिट आहात का?" नाही ना? मग विषय मिटला. हुशारी करून नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट व्हाल, तर तेही पॉलिसीत वगळलेलं असतं. ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तर गोष्ट निराळी, पण तेवढं पान वाचायला वेळ कोणाला असतो!

फुकट शिबिराला मात्र जरूर जा. टाच मशीनमध्ये ठेवायची, चिठ्ठी घ्यायची आणि शेजारच्याच टेबलावरून कॅल्शियमचा डबा उचलायचा. टाचेवरून नुसता अंदाज येतो, पक्कं निदान मणका आणि खुब्यावरूनच, असं कोणी म्हणालंच तर दुर्लक्ष करा. टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली निघाला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. कशाला झोप उडवून घ्यायची?

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत अशा तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत आरोग्यविम्याच्या वजावटीच्या मर्यादेत वजा करता येतात, अगदी रोख दिले असले तरी. पण पावती जपून ठेवायची म्हणजे केवढा ताप!

त्यापेक्षा थांबा. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, हाडं झपाट्यानं झिजू लागतात. कडक भाकरी मोडताना निदान आवाज तरी होतो, इथं तोही नाही. हाडांना हवं असलेलं ऊन म्हणाल तर आपल्याकडे इतकं, की त्याच्यापासून लपण्यातच जन्म जातो. बिड्या वळणाऱ्या बाया तर दिवसभर घरातच मान खाली घालून बसलेल्या.

मग एके दिवशी न्हाणीतल्या ओल्या शहाबादी फरशीवर पाय सटकतो. खुबा मोडला, की बघा कशी चक्रं फिरतात! कॅशलेसचा फॉर्म येतो, चोवीस तास ॲडमिट राहण्याची अट आपोआप पुरी होते, रॉड, स्क्रू, भूलतज्ज्ञ, सगळं बिलात बसतं. "बरं झालं, पॉलिसी होती," असं अख्खी गल्ली म्हणते.

आणि घरी सोडताना डॉक्टर लिहून देतात, 'डेक्सा स्कॅन करून घेणे.' डिस्चार्जनंतरच्या मुदतीत केलात, तर बऱ्याच पॉलिसींत त्याचंही बिल लावता येतं. मूळ चिठ्ठी तेवढी जोडा, झेरॉक्स चालत नाही.