फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था

कोल्हापूरकडच्या आमच्या गावचा बार पूर्वी फाट्यावर होता. एसटीतून उतरायचं, तिथे नाईंटी मारायची आणि घरापर्यंत चालत जाताना तोंडाचा वास वाऱ्यावर सोडायचा, अशी पुरुषमंडळींची रीत. मग सुप्रीम कोर्टाने हायवेलगतची दारू हलवायला सांगितली. ३१ मार्च २०१७चा आदेश असा, की वस्ती २० हजारांपर्यंत असेल तर २२० मीटर लांब. आता आमच्या फाट्याच्या एका अंगाला ओढा आणि दुसऱ्या अंगाला गाव. ओढ्यात परमिट रूम काढता येत नाही. मग बार सरकत सरकत थेट आमच्या आळीच्या तोंडाशी आला, जुन्या पिठाच्या गिरणीत.

याच गिरणीत मी लहानपणी दळणाचा डबा घेऊन नंबर लावायचो. यंदा दिवाळीला गेलो, तर दारावर पाटी : ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’. बायको म्हणाली, चला, आज आईंना चुलीपासून सुट्टी देऊ. आईने सुट्टी घेतली, पण सोबत यायला साफ नकार दिला. मी पीत नाही. हे एरवीही गावात कोणाला पटत नाही; बारच्या पायरीवर उभं राहून सांगितलं तर मुळीच नाही.

स्वतंत्र व्यवस्था म्हणजे प्लायवूडचा आडोसा आणि समोर हिरवा पडदा. पडदा गुडघ्यापर्यंतच. चेहरा झाकला की माणूस झाकला, असा मालकाचा समज असावा. पण गावात माणूस चपलेवरून ओळखतात. माझे पांढरे बूट पडद्याखालून दिसताच बाहेर एकजण म्हणाला, “पुण्याचं पाहुणं आलंय वाटतं.”

पोऱ्याने मेनूकार्ड आणलं. त्यात पनीर तुफानीपासून चिकन सिक्स्टी-फाइव्हपर्यंत सगळं होतं.

“पनीर आहे?”

“हाय की. पर आज न्हाई.”

शेवटी मटणाचं ताट सांगितलं. ते मात्र खरं होतं. सुकं, पांढरा आणि बायकोच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तांबडा. भाकऱ्या कोणाच्या ताटात चालल्यात हे बघायला थापणारी मावशी पिठाच्या हातानेच पडदा सारून आत आली. आमच्याच आळीतली. मला कडेवर घेऊन हिंडलेली.

“कवा आलास? लई वाळलास रं! आईला ठावं हाय का, हितं बसलायस?”

तिने हे विचारलं तेव्हा सगळ्या बारात शांतता पसरली.

तेवढ्यात बाहेर वहाणांची करकर झाली. अशी करकर वाजणारी जोडी गावात एकच, आमच्या चुलत्यांची. आण्णा गेली दहा वर्षं माळकरी म्हणून ओळखले जातात. पडद्याखाली त्या वहाणा माझ्या बुटांसमोर क्षणभर थबकल्या. बुटांनी वहाणांना ओळखलं, वहाणांनी बुटांना. मग त्या अलगद, बिलकूल न वाजता, आडोशापलीकडे गेल्या. वहाणा न वाजवता चालता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

१९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यावरूनच आलेलं. सरकार तो चार पैशांत देतं. गावात खरा परवाना काकूचा लागतो, आणि तो आण्णांना मिळणं शक्यच नव्हतं. पुढचा अर्धा तास मी नळी आवाज न करता चोखली. पलीकडेही सोड्याची बाटली इतक्या हळू उघडली गेली, की तिने फक्त उसासा टाकला.

बिल आलं. दोन मटण ताटं, चार भाकरी जादा, एक क्वार्टर, दोन सोडे, शेंगदाणे मसाला.

“हे आमचं नाही,” मी कुजबुजलो.

“आडोशापलीकडचं हाय,” पोऱ्या खणखणीत आवाजात म्हणाला. “आण्णा म्हणलं, पुतण्या आलाय, त्यो देतोय.”

दिले.

घरी पोचलो तर ओसरीवर आण्णा, मागच्या शेतातून आमच्या आधीच येऊन, मूठभर बडीशेप चघळत बसलेले. शेजारी आई आणि काकू. मला पाहताच त्यांनी माळ सारखी केली आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “काय रे, सुनेला घेऊन कसल्या कसल्या ठिकाणी जेवायला जातोस?”