यांचं लग्न होणार का? परत तेच!

झालं, पुन्हा सुरू. कॉमिकच्या एका चौकटीत पीटर पार्करने (म्हणजे आपल्या स्पायडरमॅनने) त्याच्या प्रेयसीकडे, मेरी जेनकडे, जरा वळून बघितलं काय, लगेच मंडळी गुडघ्याला बाशिंग बांधून तयार. एक म्हणतो आता लग्न पक्कं, दुसरा म्हणतो ती त्याच्या लायकीचीच नाही. आणि मग रात्रभर तावातावाने वाद.

अरे बाबांनो, १९८७ मध्येच झालंय की त्यांचं लग्न! २० वर्षं टिकलं. मग मे काकूचा जीव वाचवायला पीटरने थेट सैतानाशी सौदा केला आणि लग्न कधी झालंच नव्हतं असं ठरलं. भांडण नाही, घटस्फोट नाही, पाटी कोरी. का, तर लग्न झालेला नायक म्हणे वयस्कर वाटतो. (सैतानाला बायको देऊन टाकणारा मात्र कोवळा!)

सुपरमॅन आणि लोइसचं तेच. १९९६ला लग्न, २०११ला पुसलं, काही वर्षांनी परत चिकटवलं. बॅटमॅन तर २०१८ मध्ये लग्नासाठी गच्चीवर वाट बघत उभा राहिला, कॅटवुमन फिरकलीच नाही.

आणि तरी आपले लोक यांच्या संसाराचं 'भविष्य' सांगतात! भविष्य कसलं, नवा लेखक आला की भूतकाळसुद्धा बदलतो इथे.

काल एक मित्र छातीठोकपणे म्हणाला, "बघच तू, या वेळी नक्की." गेल्या वेळीही हाच म्हणाला होता. आणि मी मूर्ख, परत तासभर वाद घातला त्याच्याशी.