'बी पॉझिटिव्ह बोन मॅरो' असं काही नसतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर अधूनमधून एक निरोप फिरतो: 'पेशंटला बी पॉझिटिव्ह बोन मॅरो हवाय. नातेवाइकांनी त्याला लगेच रक्त द्यावं. मॅरो मणक्यातून काढतात, विचार करून या. सख्खं भावंड जुळलं नाही तर उपाय नाही.' बोन मॅरो म्हणजे हाडाच्या आतला, रक्त तयार करणारा मगज; रक्ताच्या काही आजारांत तो दुसऱ्याकडून घेऊन पेशंटला देतात. निरोपातली चारही वाक्यं चूक आहेत, आणि दुसरं तर पेशंटच्या जिवावर बेतणारं.

आधी रक्तगट. ए-बी-ओ गट ठरवणारा जनुक नवव्या गुणसूत्रावर असतो, तर दाता ठरवणारे एचएलए (पेशींवरच्या 'आपलं-परकं' ओळखायच्या खुणा) जनुक सहाव्यावर. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. एचएलए-ए, बी, सी, डीआरबी१, डीक्यूबी१ अशा पाच जागा, प्रत्येकीच्या दोन प्रती, एक आईकडची, एक वडिलांकडची. रिपोर्टवरचं '१०/१०' ते हेच. ए गटाच्या भावाचा मॅरो ओ गटाच्या बहिणीला चालतो. त्यातल्या तांबड्या पेशी आधी काढून टाकतात. नंतर नव्या तांबड्या पेशी तयार व्हायला कधी वेळ लागतो, तोवर रक्त चढवावं लागतं. काही महिन्यांत बहिणीचा रक्तगटच ए होतो.

आता ते 'लगेच रक्त द्यावं'. गाडी भरून माणसं येतात, मायेनंच येतात. पण नातेवाइकाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांच्यावरही एचएलए असतं. पेशंटचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि उद्या त्याच घरातला दाता निवडला तर त्याच्या पेशी रुजत नाहीत. अप्लास्टिक ॲनिमिया (मॅरो रक्त तयार करणंच थांबवतो) आणि थॅलेसेमिया (जन्मजात हिमोग्लोबिन नीट तयार होत नाही) यांत ही भीती जास्त. शिवाय जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी पेशंटच्या शरीरात टिकून त्याच्यावरच उलटू शकतात. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेकदा जीव जातो. म्हणून रक्त परक्याचं, ल्युकोरिड्यूस्ड (फिल्टरनं पांढऱ्या पेशी काढलेलं) आणि इरॅडिएटेड (किरणं दिलेलं) मागायचं. फिल्टर पहिला धोका कमी करतो, किरणं दुसरा टाळतात. एकाचं काम दुसऱ्यानं भागत नाही. घरच्यांनी रक्तपेढीत बदली रक्त जरूर द्यावं, मात्र ते याच पेशंटला चढवू नका असं सांगून.

मणक्याला कोणी हात लावत नाही. मॅरो भूल देऊन कमरेच्या हाडातून, मागच्या बाजूनं काढतात. दात्याच्या वजनाच्या किलोमागे फार तर २० मिली. बऱ्याचदा तेही लागत नाही. मॅरोतल्या पेशी रक्तात उतरवणाऱ्या जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शनं (किलोमागे १० मायक्रोग्रॅम) चार-पाच दिवस, मग चार ते सहा तास रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर. अंग आणि हाडं दुखतात, पॅरासिटामॉल पुरतं. ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरना सांगायचं: मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटनं कॅल्शियम उतरलेलं असतं.

राहिलं भावंड. प्रत्येक सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के. नाही जुळलं तर नोंदणीतला परका दाता शोधतात, किंवा अर्धी जुळणी: आई, वडील, मुलं निम्मी तर जुळतातच. प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दात्याच्या पेशी पेशंटवर उलटू नयेत म्हणून सायक्लोफॉस्फमाइड हे औषध (किलोमागे ५० मिग्रॅ) द्यायची पद्धत आल्यापासून हा मार्ग बराच वापरात आला. निवडताना पेशंटच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का हे आधी बघतात, मग दात्याचं वय. तरुण असलेला बरा. पेशंट बाळंतपणं झालेली बाई असेल तर पोटच्या मुलांविरुद्धच अँटिबॉडी सापडू शकतात.

आपल्या भागात मामा-भाची, आते-मामे भावंडांची लग्नं होतात. अशा घरात आई, वडील किंवा चुलत-मावस नात्यातलं कुणी पूर्ण जुळू शकतं. त्यामुळे नाती डॉक्टरांपासून लपवू नका, कागदावर वंशावळ काढून न्या. आणि थॅलेसेमिया मायनर (दोष एकाच प्रतीत, स्वतः आजारी नसलेल्या) निघालेल्या भावंडाला घरीच बाद करू नका. एचएलए जुळत असेल तर तेही दाता म्हणून चालतं.