इजिप्तची तिजोरी पाच पैशांच्या रोटीने रिकामी केली का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इजिप्तवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. त्रोटक उत्तर देऊन वाटेला लावावी अशी ती नाही, म्हणून हे वेगळं लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अन्न आयात करणाऱ्या गरीब देशांत सरकारी खर्चाला खरा खड्डा अनुदानाने नाही तर घसरत्या चलनाने पडतो, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हे डाव्यांचं ठरलेलं रडगाणं आहे. इजिप्तने तीसेक वर्षं फुकटात रोटी वाटली, अनुदानाचा आकडा दहा वर्षांत जवळजवळ चौपट झाला, शेवटी कर्जासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात उभं राहावं लागलं. आपल्याकडचं रेशनही त्याच वाटेवर आहे. उपाय सोपा आहे: लोकांच्या खात्यात पैसे टाका आणि गहू घरी पिकवा.

चौपट हा आकडा तुम्ही बरोबरच दिला आहे. २०१३-१४ मध्ये अन्न अनुदान साधारण ३,५०० कोटी इजिप्शियन पौंड होतं, २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ते १३,४०० कोटींवर गेलं. आता हेच डॉलरमध्ये मोजा. २०१४ साली सात पौंडांना एक डॉलर मिळे, २०२४ च्या उत्तरार्धात तोच अठ्ठेचाळीस-पन्नासला. म्हणजे ५०० कोटी डॉलरच्या अनुदानाचे २८० कोटी डॉलर झाले. जो देश गव्हाचे पैसे डॉलरमध्ये मोजतो, त्याच्यासाठी यातला कुठला हिशेब खरा? पौंडातली रक्कम फुगली, तिच्यात येणारा गहू मात्र आटला. दरम्यान लोकसंख्या वाढतच होती.

एकूण खर्चातला वाटाही बघा. २०१३-१४ मध्ये सुमारे ७०,००० कोटींच्या खर्चात अन्न अनुदान पाच टक्के होतं आणि व्याज २५ टक्के. २०२४-२५ मध्ये ३ लाख ८७ हजार कोटींच्या खर्चात अन्न साडेतीन टक्क्यांच्या आसपास, आणि व्याज १ लाख ८३ हजार कोटी, म्हणजे ४७ टक्के. ही तरतूद आहे, म्हणजे सरकारने स्वतःच छापलेला आकडा. फुगलेला रकाना कुठला, यावर वाद घालायला मला जागा दिसत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की रोटीला कुणी हातच लावला नाही. लावला, आणि बऱ्यापैकी लावला. पाच पिआस्टर (शंभर पिआस्टरचा एक पौंड) हा भाव १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून गोठलेला होता हे खरं. पण रोटी हलकी होत गेली: १३० ग्रॅमवरून उतरत उतरत ऑगस्ट २०२० मध्ये ९० ग्रॅम. भाव तोच, घास कमी. २०१४ मध्ये पद्धतच बदलली. त्याआधी बेकरीवाल्याला स्वस्त पीठ मिळायचं आणि त्यातलं बरंचसं मागच्या दाराने काळ्या बाजारात जायचं. नंतर पीठ बाजारभावाने घ्यायचं, रोटी विकताना गिऱ्हाइकाचं कार्ड मशीनला लावायचं, आणि जितक्या रोट्यांची नोंद होईल तितकाच फरक सरकार बेकरीला देणार. माणशी दिवसाला पाच रोट्या. न उचललेल्या रोट्यांचे गुण साठतात, त्यावर किराणा घेता येतो. आपल्या रास्त भाव दुकानातलं पॉस मशीन ज्याने पाहिलं आहे त्याला हे लगेच कळेल. अंगठ्याच्या जागी कार्ड, एवढाच फरक. गरम रोट्या खिडकीतून हातात पडतात, लोक त्या जाळीवर नाहीतर शेजारी उभ्या गाडीच्या बॉनेटवर पसरून निववतात आणि मग पिशवीत भरतात, कारण गरम रचल्या तर एकमेकींना चिकटतात.

आणि १ जून २०२४ पासून भावही वाढला, पाचवरून वीस पिआस्टर. एका रोटीला सरकारला १२५ पिआस्टर खर्च येतो, असं पंतप्रधान मदबूलींनी तेव्हा सांगितलं होतं. त्याच्या तीन वर्षं आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, एका सिगारेटच्या पैशांत वीस रोट्या येतात हे योग्य नाही, असं राष्ट्राध्यक्ष सिसी जाहीरपणे बोलले होते. चौपट भाववाढ ऐकायला केवढी मोठी वाटते! दिवसाला साधारण २५ कोटी रोट्या धरा. प्रत्येकीमागे १५ पिआस्टर वाचले तर वर्षाला सुमारे १,४०० कोटी पौंड. त्या वर्षीचं व्याज दिवसाला ५०० कोटी. म्हणजे ज्या निर्णयाला हात घालायला राज्यकर्ते साडेतीन दशकं धजावले नाहीत, त्याने तीन दिवसांचं व्याजही पुरतं सुटत नाही.

का धजावले नाहीत ते तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने नाणेनिधीच्या आग्रहाखातर अनुदानं कापली. १८ आणि १९ जानेवारीला आस्वानपासून अलेक्झांड्रियापर्यंत लोक रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं, कित्येक माणसं मेली आणि निर्णय मागे घेतला गेला. सादातनी त्याला चोरांचा उठाव म्हटलं. २००८ मध्ये जागतिक भाव भडकले, बेकऱ्यांपुढच्या रांगांत मारामाऱ्या झाल्या आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांनी लष्कराला रोट्या भाजायला लावलं. २०११ मध्ये मुबारकांविरुद्धच्या उठावात, कैरोच्या तहरीर चौकातल्या घोषणेत स्वातंत्र्याच्याही आधी रोटी होती. असा इतिहास असलेल्या देशाचा अर्थमंत्री कात्री दुसरीकडे, आरोग्य आणि शिक्षणावर चालवतो. २०१४ च्या राज्यघटनेत राष्ट्रीय उत्पन्नाच्या किमान ३ टक्के आरोग्यावर आणि ४ टक्के शालेय शिक्षणावर खर्च करायचं बंधन आहे. सरकार वेगळ्या बेरजा मांडून ते पाळल्याचं सांगतं. त्या बेरजांवर माझा विश्वास नाही. शाळा बंद पडली म्हणून तहरीर चौक भरत नाही, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता व्याज इतकं का वाढलं? गव्हामुळे, असं मी म्हटलेलं नाही. तुम्ही ते माझ्या तोंडी घातलंत. नवी राजधानी, पूल, महामार्ग, अर्थसंकल्पाबाहेरून होणारा लष्करी कंपन्यांचा व्यवहार, सगळं त्यात आहे. पण साखळी बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं. तोवर इजिप्तच्या आयात गव्हापैकी साधारण ८० टक्के रशिया आणि युक्रेन या दोनच देशांतून येत होता. भाव चढले, आणि त्याच सुमारास सरकारी रोख्यांतले सुमारे २,००० कोटी डॉलर परदेशी गुंतवणूकदार काढून घेऊन गेले. डॉलर इतके आटले की त्या वर्षाअखेरीस खासगी गिरण्यांचा गहू बंदरात येऊन पडला होता आणि तो सोडवायला बँकांकडे डॉलर नव्हते. सरकारी गहू आधी सोडवला जाई, म्हणून अनुदानाची रोटी चालू राहिली. महागली ती विनाकार्डाची. सप्टेंबर २०२३ मध्ये महागाई ३८ टक्क्यांवर गेली. ६ मार्च २०२४ रोजी पौंडाचा भाव बाजारावर मोकळा सोडला, एका दिवसात डॉलर ३१ वरून पन्नासच्या घरात, आणि त्याच दिवशी मध्यवर्ती बँकेने व्याजदर सहा टक्क्यांनी वाढवून २७.२५ केला. सरकारचं बरंचसं देशांतर्गत कर्ज कमी मुदतीचं आहे, ते या दराने पुन्हा उचलायचं. व्याजाचा रकाना असा फुगतो.

त्यातही गव्हाचा एक हिस्सा व्याजात लपलेला आहे. सरकारी खरेदी संस्था सहा-सहा महिन्यांच्या उधारीवर गहू घेत होती, जेद्दाच्या इस्लामिक व्यापार वित्त संस्थेकडून खरेदीसाठी कर्ज घेत होती. वाण्याच्या वहीवर महिना काढणाऱ्या घरासारखंच ते. जेवणाचा खर्च कमी दिसतो, देणं वाढत राहतं. म्हणून फक्त अनुदानाची ओळ वाचून निकाल देऊ नये, हे माझ्या लेखाचं सार होतं.

आपल्या रेशनशी तुलना मला पटत नाही. एक्याऐंशी कोटी लोकांचं मोफत धान्य हा परवडण्याचा प्रश्न आहेच, त्यावर भांडूया. पण ते धान्य आपण पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या शेतकऱ्याकडून रुपयात घेतो. रुपया घसरला म्हणून भारतीय अन्न महामंडळाचं गव्हाचं बिल एका रात्रीत दीडपट होत नाही. उलट आपल्या निर्णयाने त्यांच्या गळ्याशी येतं. एप्रिल २०२२ मध्ये इजिप्तने भारताच्या गव्हाला मान्यता दिली, आणि १३ मे रोजी आपण निर्यातबंदी लावली. कांडल्याला इजिप्तसाठी भरत असलेला साडेएकसष्ट हजार टन गहू तेवढा खास बाब म्हणून सोडला. कांद्याच्या बंदीने नाशिकचा शेतकरी कसा होरपळतो यावर आपल्याकडे रकाने भरतात. समोरच्या देशाच्या अर्थमंत्र्याचं काय होतं यावर एक ओळ नसते.

गहू घरी पिकवा म्हणणं सोपं आहे. इजिप्तची माणसं जवळपास सगळी नाईलच्या काठच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि त्रिभुज प्रदेशात. पाणी १९५९ च्या सुदानबरोबरच्या करारातलं ५,५५० कोटी घनमीटर, आणि तोंडं तेव्हाच्या चौपट. हिवाळ्यात गव्हाशी स्पर्धा करतो बरसीम, म्हशींचा चारा. भाव जमला नाही तर शेतकरी गव्हाची जमीन बरसीमला देतो, आणि मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं. सरकारने खरेदीभाव दीडशे किलोच्या अर्देबला २०२२ मधल्या ८८५ पौंडांवरून २०२४ मध्ये २,००० केला. तरी गरजेच्या निम्म्याच्या आसपास गहू बाहेरूनच येतो.

राहिला रोख रकमेचा मुद्दा. तो तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. कार्ड असलेल्या सात कोटींत बरीच खात्यापित्या घरची माणसं आहेत, हे मी नाकारत नाही. २०१५ पासून ‘तकाफुल आणि करामा’ ही थेट रोख मदतीची योजना तिथे चालू आहे, आणि सरकारही आता त्या दिशेने बोलतं आहे. पण ३८ टक्के महागाईत पाच रोट्या म्हणजे पाच रोट्याच राहतात. खात्यातली रक्कम वर्षाच्या शेवटी तितकीच असली तरी तिच्यात रोट्या साडेतीनच्या आसपासच येतात. दर सहा महिन्यांनी ती रक्कम भावाबरोबर वाढवायची कायदेशीर हमी असेल, तर मी रोख रकमेच्या बाजूने उभा राहीन. अशी हमी नाणेनिधीच्या अटींत बसते का, ते तुम्हीच सांगा.