‘पाऊस मोजायला एवढी ऑफिसं कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर लिहायला घेतलं तर ते लांबतच गेलं, म्हणून इथे वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, अमेरिकेतल्या स्टेट क्लायमेट ऑफिसांवर, म्हणजे राज्याच्या हवामानाच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयांवर, मी जो लेख लिहिला होता त्यावर तुमचं म्हणणं असं, की केंद्राची नॅशनल वेदर सर्व्हिस आहे, तिच्या वरची हवामान-समुद्र संस्था नोआ आहे, मग दर राज्यात हे वेगळं दुकान कशाला, अंदाज तर ते देत नाहीत, नुसते नकाशे रंगवत बसतात, आणि घरामागे प्लास्टिकची नळी लावून पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांच्या आकड्यांना सायन्स कसं म्हणायचं. वर ‘लेख कमी, जाहिरात जास्त’ हा टोमणा आहेच.

आधी माझी चूक. राज्याचं क्लायमेट ऑफिस दुष्काळ ‘जाहीर करतं’ असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. दुष्काळाचा जो नकाशा सगळे बघतात, यूएस ड्रॉट मॉनिटर, तो १९९९ पासून दर गुरुवारी निघतो, मंगळवार सकाळपर्यंतचा डेटा धरून. तो बनवतात लिंकन, नेब्रास्काच्या ड्रॉट सेंटरमधली, नोआतली आणि शेती खात्यातली माणसं, आळीपाळीने. राज्याचा क्लायमेटॉलॉजिस्ट, म्हणजे या ऑफिसचा प्रमुख, त्यात मत देतो, म्हणजे नकाशाचा कच्चा खर्डा फिरतो तेव्हा तो कळवतो की बाबांनो, हा कोपरा तुम्ही अजून पिवळा, म्हणजे नुसता कोरडा, ठेवलाय पण तिथली गुरांची तळी तळाला गेलीत. कधीकधी उलटंही सांगतो, की इथे पाऊस झालाय, रंग उतरवा.

आणि ‘नुसते नकाशे रंगवतात’ यावर मात्र मी भांडणार. त्या रंगावर पैसे ठरतात हो. २०१४ च्या फार्म बिलानुसार, म्हणजे केंद्राच्या शेती कायद्यानुसार, चराईच्या हंगामात काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखी) काही भाग सलग ८ आठवडे डी२, म्हणजे तीव्र दुष्काळाचा नारिंगी राहिला तर तिथल्या पात्र पशुपालकांना चाऱ्यासाठी मदत लागू व्हायची, त्याहून वाईट, म्हणजे लाल झाला तर ८ आठवडे थांबायचीही गरज नव्हती. आता तुम्हीच सांगा, ७ आठवडे नारिंगी होता आणि आठव्याला लांब कुठेतरी बसलेल्या माणसाने एका सरीवर भुलून तो फिका केला, तर? तिथली माती ओळखणारं कुणीतरी मधे बोलायला नको?

‘केंद्राचं आहे ना, मग राज्याचं कशाला’ यात गंमत अशी की ही व्यवस्था मुळात केंद्राचीच होती. १९५४ मध्ये वेदर ब्युरोने (वेदर सर्व्हिसचं जुनं नाव) राज्याराज्यात क्लायमेटॉलॉजिस्ट नेमायला सुरुवात केली आणि १९७३ मध्ये केंद्राने पैसे काढून घेतले. मग राज्यांनी, बऱ्याच ठिकाणी तिथल्या युनिव्हर्सिटीने, ते काम उचललं आणि १९७६ मध्ये या लोकांची स्वतःची संघटना उभी राहिली. म्हणजे वेगळं दुकान कुणी हौसेने थाटलेलं नाही, मालक उठून गेला म्हणून गिऱ्हाइकांनीच चालवायला घेतलं.

अंदाज देत नाहीत हे बरोबर, पण ते त्यांचं कामच नाही. उद्या काय होणार हे वेदर सर्व्हिस सांगते, हे लोक बघतात की काल जे झालं ते नेहमीचं होतं का, आणि त्याआधी, नोंदवलेला आकडा खरा आहे का. हा दुसरा भाग बाहेरून दिसतच नाही. एक उदाहरण घ्या. जुन्या पद्धतीचा कमाल तापमानाचा थर्मामीटर दिवसातून एकदा वाचून रीसेट करतात. समजा वाचायची वेळ संध्याकाळी ५. आज प्रचंड ऊन, ५ वाजता वाचला, रीसेट केला, पण हवा अजून तापलेलीच आहे, त्यामुळे पारा तिथेच चिकटून बसला. उद्या ढग आले, गार झालं, तरी उद्याच्या नोंदीत कमाल म्हणून आजचं ५ वाजताचंच ऊन येणार. एकच उन्हाळी दिवस दोनदा मोजला गेला! पुढे कित्येक स्टेशनांवर वाचायची वेळ संध्याकाळची सकाळी झाली आणि कागदावर ती गावं उगीचच थंड झाली. हवेत काही बदललं नव्हतं, फक्त घड्याळ बदललं होतं. हे ओळखायला स्टेशनच्या जुन्या फायली लागतात, कधी हलवलं, कोण वाचायचं, किती वाजता. ॲशव्हिलच्या राष्ट्रीय डेटा सेंटरला हे येत नाही असं अजिबात नाही, अशा दुरुस्त्या तेच करतात, पण शेजारी नवीन पार्किंग झालंय हे जवळच्या माणसाला आधी दिसतं.

आता ती नळी, जिच्यावर तुम्ही सगळ्यात जास्त हसलात. २८ जुलै १९९७ च्या संध्याकाळी कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये ढग अक्षरशः फुटला. शहराच्या नैर्ऋत्येला दीड दिवसात १४ इंचांवर पाऊस, आणि त्याच शहराच्या पूर्वेला २ इंचसुद्धा नाही. ५ जण गेले, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या तळघरात लाखो पुस्तकं भिजली. अधिकृत गेज, म्हणजे पर्जन्यमापक, एवढे विरळ की नेमका किती आणि कुठे पडला ते नंतर लोकांना विचारून, कुणाच्या अंगणातली बादली किती भरली ते जमवून काढावं लागलं. त्यातूनच तिथल्या क्लायमेट सेंटरच्या नोलन डोस्केन यांनी १९९८ मध्ये कोकोराझ, म्हणजे हौशी लोकांनी घरी पाऊस मोजून कळवायचं जाळं, सुरू केलं, ते आज पन्नासही राज्यांत आहे.

नळी काही खेळण्यातली नाही बरं का. बाहेरचा डबा ४ इंच व्यासाचा, आतली नळी त्याच्या एक दशांश क्षेत्रफळाची, त्यामुळे १ इंच पाऊस आत १० इंच उंच उभा राहतो आणि इंचाचा शंभरावा भाग डोळ्यांनी वाचता येतो. माझ्याही अंगणात आहे एक. जास्त पडला की आतली भरून पाणी बाहेरच्या डब्यात सांडतं, मग ते परत नळीत ओतून मोजायचं आणि बेरीज करायची, सकाळी ७ ला, झोपेत, चप्पल चिखलात. आणि पाऊस नसेल तेव्हा शून्य भरायचं. हे शून्य फार महत्त्वाचं, कारण रिकामी जागा म्हणजे ‘पडला नाही’ की ‘माणूस गावाला गेला’ हे ऑफिसात बसून कळत नाही.

हौशी आकडा कुणी डोळे मिटून घेत नाही हेही सांगतो. साउथ डकोटातल्या व्हिवियनला २३ जुलै २०१० ला गार पडली, ८ इंच व्यास, वजन जवळपास २ पौंड. सापडली तिथल्याच एका रहिवाशाला, त्याने ती फ्रीजरमध्ये ठेवली, आणि वादळाने लाइट गेलेले, म्हणजे मोजायच्या आधीच थोडी वितळली असणार! असा राज्याचा रेकॉर्ड दावा आला की राज्याचा क्लायमेटॉलॉजिस्ट, वेदर सर्व्हिस, रीजनल सेंटर (काही राज्यांसाठी मिळून असलेलं क्लायमेट सेंटर) आणि ॲशव्हिलवाले एकत्र बसून तपासतात, अशी कमिटीच आहे.

जाहिरातीचं म्हणाल तर एक गोष्ट मी लेखात खरंच टाळली होती. ही साखळी नाजूक आहे. कुठल्या राज्यात भरलेला स्टाफ, कुठे एक प्रोफेसर शिकवता शिकवता हे सांभाळतोय. २०२५ च्या एप्रिलमध्ये सहा रीजनल सेंटर्सपैकी ४ पैशाअभावी काही दिवस बंद पडली होती, साइटसकट. तेव्हा ‘एवढी दुकानं कशाला’ या प्रश्नाचं प्रात्यक्षिकच झालं म्हणा.

‘जाहीर करतं’ हे वाक्य मूळ लेखात दुरुस्त केलंय. आणि शेवटी तुम्ही खवचटपणे विचारलंत ना, की बर्फ पडला तर नळी काय करते? थंडीत वरचं फनेल आणि आतली नळी काढून ठेवायची, नाहीतर पाणी गोठून ती तडकते. बर्फ सरळ बाहेरच्या डब्यात पडू द्यायचा, सकाळी डबा घरात आणायचा, कोमट पाणी मोजून ओतायचं, सगळं वितळलं की नळीत मोजायचं आणि ओतलेलं वजा करायचं. ओतलेलं किती ते आधी लिहून ठेवा, मी एकदा विसरलो होतो.