पेपरलेस व्हा, सुट्टे पैसे घेऊन या

घरातलं कुणी यंदा एम.कॉम.ला असेल तर आधी अभिनंदन. पुस्तकं घ्यायची भानगड संपली, आता सगळं पीडीएफवर. परवा रात्री पावणेनऊला नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडे या पेपरलेस क्रांतीच्या रांगेत माझा अकरावा नंबर होता. तिथे सुचलेले चार सल्ले देतो.

सरांनी ग्रुपवर टाकलेली फाइल लगेच उतरवून घ्या. नंतर ती उघडत नाही, आणि सरांकडे परत मागायची कुणाची छाती होत नाही.

समासात पेन्सिलने खुणा करायची सवय मोडा.

ई-लायब्ररी बघायची हौस असेल तर कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती येईल त्या दिवशी जा.

आता पीडीएफ कशी ओळखावी. कुणीतरी पुस्तक मांडीवर धरून मोबाइलने फोटो काढलेले असतात. माझ्या लेकीची, एम.कॉम.ची, २१४ पानांची होती. निम्मी आडवी, काही चक्क उलटी. प्रत्येक पानाखाली कॅमस्कॅनरचा शिक्का. ते अ‍ॅप सरकारने जून २०२० मध्ये बंद केलं, तेव्हा ती दहावीत होती, भूगोलाचा पेपर रद्द झालेली बॅच. १४३व्या पानावर कॉस्टिंगच्या सूत्रावर बरोबर मधोमध एक अंगठा. नख वाढलेलं, कडेला निळी शाई. "बाबा, याच्याखाली काय असेल हो?" मी काय ज्योतिषी आहे? आणि कोपऱ्यात गोल शिक्का, तिच्याच कॉलेजच्या ग्रंथालयाचा! म्हणजे पुस्तक आहे. कपाटात आहे. कपाटाला कुलूप आहे. ती मागायला गेली तर उत्तर मिळालं, "आता सगळं डिजिटल आहे, बाळा." डिजिटलचे पानाला दोन रुपये, स्पायरलचे चाळीस वेगळे. तेवढ्यात एम.जी. रोडवरून नवं कोरं पुस्तक आलं असतं, विनाअंगठ्याचं.

फारच जुन्या वळणाचे असाल तर सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात जा. १८४० पासून तिथे पुस्तक माणसाच्या हातात देण्याचा मागासपणा चालू आहे.

बास झालं. कॉलेजवाल्यांनो, डिजिटलला माझा काडीचाही विरोध नाही. एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालय योजनेची वर्गणी भरली की हजारो ई-पुस्तकं मिळतात, प्रत्येक पोराला स्वतःचं लॉगिन देता येतं, घरी बसून वाचता येतं. खरगपूरच्या आयआयटीने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय तर फुकट आहे. तुम्ही यातलं एक तरी पोरांना उघडून दाखवलंत का? लॉगिन मागितलं तर "ते बघणारे सर रजेवर आहेत." कधीपासून? दिवाळीपासून! पावतीवर ग्रंथालय शुल्क मात्र न चुकता लावता. लाज वाटत नाही? ते कपाट उघडा आधी. आणि तो अंगठा ज्याचा कुणाचा असेल, त्याने खालचं सूत्र सोमवारी दहाच्या आत ग्रुपवर टाकावं. साडेदहाला पेपर आहे.