देसाईंना जे मिळालं नाही

जॉश स्वेट ॲरिझोनाला गेला, मिल्टन विल्यम्स न्यू इंग्लंडला गेला आणि आमच्या ईगल्सच्या, म्हणजे फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर सुतक सुरू झालं. 2025 चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दोन महिने होतायत न होतायत, तर म्हणे संघ मोडला. काल एका नाशिककर मित्राचा फोनच आला. “अरे, पैसे फेकायचे आणि ठेवून घ्यायचं ना दोघांना! एवढा डिफेन्स जमवला आणि आता मोडीत काढतायत.” त्याला समजावता समजावता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचं पार पीठ झालं. बायको म्हणाली, एकदाच काय ते फेसबुकवर लिही आणि मोकळा हो. तर हे घ्या, एप्रिल 2025 चं. माझं उत्तर एकच: ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातली पोरं निवडणं.

ज्यांचं या खेळाशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑफेन्स म्हणजे गुण मिळवणारे, डिफेन्स म्हणजे समोरच्याला अडवणारे. ड्राफ्ट म्हणजे आपल्या इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा उलटा प्रकार. कॅपमध्ये सगळ्यात हुशार पोरगा आधी कॉलेज निवडतो. इथे सगळ्यात ढ संघ आधी पोरगा निवडतो. 32 संघ, सात राउंड, आदल्या वर्षी जो तळाला त्याचा नंबर पहिला आणि जो विजेता तो बत्तिसावा. पोराला कुणी विचारत नाही. फ्लोरिडाच्या उन्हात वाढलेल्याचं नाव ग्रीन बेने पुकारलं की निघाला बिचारा स्वेटर घेऊन. सरकारी बदलीची ऑर्डरच ती.

ही कल्पना मुळात फिलाडेल्फियाची, हे इथल्याही पुष्कळांना माहीत नसतं. ईगल्सचे तेव्हाचे मालक बर्ट बेल. 1935 साली त्यांचा संघ 11 पैकी 9 सामने हरला होता, आणि चांगली पोरं पैसेवाल्या संघांकडे जायची. तेव्हा त्यांनीच सुचवलं की दुबळ्याला आधी निवडू द्या. 1936 मध्ये इथल्याच रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला आणि पहिला नंबर अर्थात ईगल्सचा. त्यांनी शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर निवडला. पगाराचं जमेना, म्हणून त्याचे हक्क शिकागो बेअर्सला देऊन टाकले. तिथेही जमलं नाही. गडी या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही! म्हणजे ड्राफ्ट काढला आम्ही, आणि त्यात पहिली फजितीही आमचीच.

मी इथे आलो 2011 मध्ये. ते ‘ड्रीम टीम’चं वर्ष. नामदी असोमुआ नावाचा त्या काळातला सगळ्यात भारी कॉर्नरबॅक (मागच्या फळीत कडेला उभा राहून चेंडू झेलणाऱ्याला रोखणारा) पाच वर्षांसाठी 6 कोटी डॉलरला आणला होता. आणखीही नावं आणली, सगळी बाहेरून, सगळी विकत. आणि हा सगळा डिफेन्स सोपवला कोणाकडे? हुआन कास्तियो यांच्याकडे, जे आधीची तेरा वर्षं ऑफेन्सची लाइन शिकवत होते. तेरा वर्षं मराठी शिकवलेल्या मास्तरांना एकदम बारावीचं गणित दिल्यासारखं. त्या वर्षी 8-8, म्हणजे आठ विजय, आठ पराभव. पुढच्या वर्षी 4-12, आणि हंगाम अर्ध्यावर यायच्या आत कास्तियोंना नारळ. मला तेव्हा नियमही धड कळत नव्हते, पण ऑफिसातल्या लोकांची सोमवारची तोंडं बघून निकाल कळायचा.

म्हणून पैसे फेका म्हणणाऱ्याला मी 2011 ची आठवण देतो.

आता खरा मुद्दा. सगळे म्हणतात, ईगल्सने जॉर्जिया विद्यापीठातून पोरं उचलली आणि डिफेन्स उभा राहिला. उचलली हे खरं. 2022 मध्ये जॉर्डन डेव्हिस आणि नकोबी डीन, 2023 मध्ये जेलन कार्टर, नोलन स्मिथ, केली रिंगो. पाचही जॉर्जियाचे. यातला डेव्हिस मला सगळ्यात आवडतो. उंची साडेसहा फूट, वजन 155 किलोच्या आसपास, आणि चाचणीत हा माणूस 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, 4.78 सेकंदांत पळाला. व्हिडिओ बघा, जमीन हादरतेय असं वाटतं. त्याच्या नावावर आकडे फारसे दिसत नाहीत, कारण त्याचं काम म्हणजे सोसायटीच्या गेटात टेम्पो आडवा लावणं. समोरच्या दोघांना त्याच्यात अडकून पडावं लागतं, आणि बाजूने कार्टर मोकळा सुटतो. त्याला घ्यायला ईगल्स पंधराव्या नंबरवरून तेराव्यावर चढले होते. तेव्हा “एवढ्या जाड्यासाठी?” म्हणून इथल्या रेडिओवर लोकांनी बोंब मारली होती. (त्यात मीही होतो. रेडिओवर नव्हे, गाडीत एकटाच.)

कार्टर नवव्या नंबरपर्यंत घसरला त्यामागे गंभीर कारण होतं. जानेवारी 2023 मधल्या एका अपघातात त्याच्या कॉलेज संघातला एक खेळाडू आणि एक कर्मचारी गेले. बेदरकार गाडी चालवणं आणि शर्यत लावणं हे आरोप कार्टरवर होते, त्याने ते लढवले नाहीत आणि प्रोबेशन घेतलं. काही संघांनी हात आखडता घेतला, ईगल्सने नाही घेतला. खेळाडू म्हणून तो बेफाम आहे. ती निवड योग्य होती का, यावर मला आजही सरळ हो म्हणता येत नाही.

पण बघा, ही जॉर्जियाची पाचही पोरं 2023 मध्ये संघात होती. त्या वर्षी काय झालं? दहा विजय, एक पराभव अशी सुरुवात, आणि त्यानंतर घसरगुंडी. प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, धरून शेवटच्या सातपैकी सहा सामने हरलो, टॅम्पाने 32-9 असं धुतलं. समोरच्याचे गुण रोखण्यात 32 संघांमध्ये आमचा नंबर शेवटून तिसरा.

आणि खापर फुटलं कोणाच्या डोक्यावर? शॉन देसाई. या लीगमध्ये कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळा डिफेन्स सांभाळणारा कोच, झालेला भारतीय वंशाचा पहिला माणूस. आधी 2021 मध्ये शिकागोत, मग 2023 मध्ये इथे. इथल्याच टेम्पल विद्यापीठातून डॉक्टरेट केलेला. आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती सुरू असताना शेजारी उभा असलेला एक सावंतवाडीकर माझ्या कानात म्हणाला होता, “देसाई म्हटल्यावर आपलोच असतलो.” त्यांचं मूळ गाव कुठलं याचा ना त्याला पत्ता ना मला, पण त्या हंगामात अर्ध्या मंडळाने ईगल्स बघायला घेतलं ते या आडनावापायी. डिसेंबरात संघ 10-3 असताना देसाईंच्या हातून सूत्रं काढून मॅट पॅट्रिशिया यांच्याकडे दिली. पहिल्याच सामन्यात सिॲटलने शेवटच्या दोन मिनिटांत 92 यार्ड कापून आम्हाला हरवलं. म्हणजे औषध बदललं आणि ताप वाढला.

माझं म्हणणं एवढंच, की आडात नव्हतं ते पोहऱ्यात कुठून येणार होतं? देसाईंकडे पुढे तरणी पोरं होती, मागे कोण होतं? डॅरियस स्ले 32 वर्षांचा, जेम्स ब्रॅडबेरी 30 चा. आमच्या कबड्डीत कॉर्नरला पाय थकलेला माणूस उभा केला तर रेडर तिथूनच बोनस मारून जातो, तसंच इथे. चेंडू फेकायला समोरच्याला दोन सेकंद मिळाले की मागे भगदाड. मधल्या फळीत डीन दुखापतीने बाहेर. तरी दोष माणसाचा, कारण माणूस बदलता येतो, मागची फळी डिसेंबरात बदलता येत नाही.

ती फळी का म्हातारी होती? कारण ईगल्सची एक जुनी खोड. पहिल्या राउंडमध्ये नेहमी दोन्ही लाइन्स, म्हणजे ऑफेन्स-डिफेन्सच्या पुढच्या फळ्या, आधी. फ्लेचर कॉक्स 2012 ला बाराव्या नंबरवर, ब्रँडन ग्रॅहम 2010 ला तेराव्यावर, दोघांनी 2018 चा सुपर बोल जिंकून दिला, त्यामुळे ती खोड म्हणजे धर्मच होऊन बसली. कॉर्नरबॅक? तो कुणाकडून तरी घेऊ, डागडुजी करू. 2002 ला लिटो शेपर्ड घेतला, त्यानंतर तब्बल 22 वर्षं पहिल्या राउंडात ईगल्सने एकही कॉर्नरबॅक निवडला नाही. बावीस वर्षं! जनरल मॅनेजर हाउवी रोझमन यांची वाहवा सगळे करतात, मीही करतो, पण ही ढील त्यांच्या काळातही चालू होती.

एप्रिल 2024, डेट्रॉइट. बाविसावा नंबर. मी सोफ्यावर, हातात चिवड्याची वाटी, आणि नाव पुकारलं: क्विन्यन मिचेल, टोलेडो. मी वाटी खाली ठेवली. टोलेडो? हे काय कॉलेज आहे? अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट सोडून टोलेडो? मुलगी यूट्यूबवर काढून म्हणाली, “बाबा, याने एकाच मॅचमध्ये चार इंटरसेप्शन घेतलेत.” म्हणजे समोरच्याने फेकलेला चेंडू चार वेळा मधेच पळवला. बघितलं तर खरंच, 2022 मध्ये नॉर्दर्न इलिनॉयविरुद्ध, त्यातले दोन थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे गोलरेषेपार, नेलेले. मी तरी म्हणालो की छोट्या तळ्यातला मासा आहे. दुसऱ्या दिवशी वर चढून चाळिसाव्या नंबरवर आयोवाचा कूपर डिजीन घेतला. हा नंबर दिला कोणी, तर वॉशिंग्टनने, आमच्याच गटातल्या हाडवैऱ्याने. त्याच वॉशिंग्टनला पुढे जानेवारीत आम्ही 55-23 ने घरी पाठवलं. मिचेलला पूर्ण नियमित हंगामात एकही इंटरसेप्शन मिळालं नाही, कारण त्याच्या बाजूला चेंडू टाकायचं धाडस फार कमी जण करायचे. प्लेऑफमध्ये दोन मिळाली.

आणि डिफेन्सचे कोच म्हणून आले व्हिक फँजिओ. पेन्सिल्व्हेनियातल्याच डनमोरचे, वय 65, चेहऱ्यावर कायम पित्त खवळल्याचा भाव. शिकागोत देसाई याच फँजिओंच्या हाताखाली शिकले होते! म्हणजे विद्या एकाच घराण्याची. शिष्याला जुने कॉर्नर मिळाले, गुरूला नवे. ऑक्टोबरात डिजीनला क्लीव्हलँडविरुद्ध पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवला आणि तिथून डिफेन्सचा नूरच पालटला. हंगाम संपताना सगळ्यात कमी यार्ड देणारा संघ आमचा, सगळ्यात कमी गुण देण्यात दुसरा.

गुरू अनुभवाने मोठा, हे मला मान्य आहे. झॅक बॉनसारखा लाइनबॅकर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, फक्त 35 लाख डॉलरमध्ये बाहेरून आला आणि सोनं निघालं, तेही मान्य. सगळंच ड्राफ्टमधून येतं असं म्हणणारा मी नाही. 2014 ला पहिल्या राउंडात मार्कस स्मिथ घेतला होता, त्याचं पुढे काय झालं हे कुणाला आठवतंय तरी का?

पण न्यू ऑर्लिन्सचा 9 फेब्रुवारी बघा. दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनात याच कॅन्सस सिटीशी सुपर बोल होता. त्या हंगामात ईगल्सने 70 सॅक केले होते, म्हणजे 70 वेळा समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू टाकायच्या आत लोळवलं होतं. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सला त्या रात्री किती वेळा? शून्य. 38-35 ने हरलो. या वेळी सहा वेळा लोळवला. आणि फँजिओंनी एकदाही ब्लिट्झ लावला नाही, म्हणजे जादा माणूस पुढे पाठवलाच नाही. चौघे पुढे, सात जण मागे. मागच्या पोरांनी कोणाला मोकळं सोडलं नाही, म्हणून महोम्स चेंडू हातात धरून बसला आणि पुढच्यांनी त्याला गाठलं. मध्यंतरापर्यंत कॅन्सस सिटीला मिळून 23 यार्ड! डिजीनचा त्या दिवशी बाविसावा वाढदिवस. महोम्स उजवीकडे पळता पळता आडवा फेकतो, 33 नंबरची जर्सी मध्ये घुसते आणि 38 यार्ड पळत जाते. आमच्या मित्राच्या बेसमेंटमध्ये कोणीतरी उडी मारली, बटाटेवड्यांचं ताट उलटं झालं, आणि पांढऱ्या कार्पेटवर पडलेली चटणी कोणी पुसायलाही वाकलं नाही. तिसरा क्वार्टर संपत आला तेव्हा 34-0.

त्या सहा सॅकांचा हिशेब: स्वेट अडीच, विल्यम्स दोन, डेव्हिस एक, जेलिक्स हंट अर्धा. स्वेट 2018 चा चौथ्या राउंडचा, विल्यम्स 2021 चा तिसऱ्या, डेव्हिस 2022 चा पहिल्या, हंट 2024 चा तिसऱ्या. एकही विकत आणलेला नाही. चारही आपल्या वाफ्यातलीच रोपं.

तर नाशिककरा, आता तुझ्या प्रश्नाकडे. विल्यम्सला न्यू इंग्लंडने चार वर्षांचे 10 कोटी 40 लाख डॉलर दिले, स्वेटला ॲरिझोनाने जवळपास साडेसात कोटी. संघाला 2025 साली सगळ्या खेळाडूंवर मिळून 27.92 कोटींची मर्यादा आहे. ड्राफ्टमधल्या पोराचा पगार पहिली चार वर्षं ठरलेला असतो, त्या स्वस्ताईच्या जोरावरच चेंडू घेऊन पळणारा सेकॉन बार्क्लीसारखा महागडा गडी परवडतो. कार्टरची ती चार वर्षं संपत आली की त्याला घसघशीत द्यावे लागणार, मग मिचेल, मग डिजीन. विल्यम्सला आत्ता धरून ठेवलं असतं तर 2027 मध्ये यातला एक जण तुझ्या डोळ्यांदेखत डॅलसला गेला असता, आणि तेव्हा तू मला रात्री दोनला फोन केला असतास.

स्लेही गेला, पिट्सबर्गला. पाच वर्षं जुना दिवा तेवत ठेवला त्याने, वाईट वाटलं. पण त्याच्या जागेवर रिंगोला उभा राहू दे की, दोन वर्षं बाकावर बसून काय शिकला ते दिसेल.

24 एप्रिल 2025 ला ग्रीन बेमध्ये ड्राफ्ट आहे, आमचा नंबर बत्तिसावा. डीनचा गुडघा गेलाय त्यामुळे लाइनबॅकर घ्या असं सगळे म्हणतायत. मला विचाराल तर कडेने धावून येणारा एक दांडगा घ्यावा, स्वेटच्या जागेसाठी. अर्थात टोलेडोला नाक मुरडणारा मीच होतो, तेव्हा माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्ही ठरवा. त्या रात्री आमच्याकडे या. वडे आहेत. कार्पेटवर जुनी चादर टाकून ठेवणार आहे.